‘ढेकळं’ बँडचा लीडर

५ जानेवारी, सकाळी ६.१०
नवीन वर्ष, नवीन वही. या वर्षी बँड. नाव ठरलं : ढेकळं. प्रकार : कंट्री रॉक, म्हणजे मातीतलं पण करंट असलेलं. सुलेखाला सांगितलं. म्हणाली, मागच्या वर्षी घोडेस्वारी होती. बायकोने मागचं उकरू नये. चव्वेचाळीस हे वय रॉकसाठी उशिराचं नाही. परिपक्व आहे.

त्याच दिवशी, दुपारी
टीम. मी : गिटार, आवाज, लीडर. अफजल : ड्रम. छावणी भागात त्याचं सोफा-कुशनचं दुकान आहे. मागच्या खोलीत फोमच्या थप्प्या, आवाज बाहेर जात नाही, म्हणून प्रॅक्टिस तिथंच. कडुबा : हलगी. वाळूजला कंपनीत आहे, मूळचा पाचोडचा. मीही मूळचा पाचोडचा. तिथं चौथ्या वर्षापर्यंत सलग राहिलोय. मुळांना तेवढं पुरतं.

१२ जानेवारी
पहिली प्रॅक्टिस. माझं गाणं घेतलं, ‘मोसंबीच्या वेलीखाली’. कडुबा म्हणाला, राजाभाऊ, मोसंबीला वेल नसतो, झाड असतं. म्हटलं, हे काव्य आहे. तर म्हणे, मग कलिंगड घाला, वेल तरी खरा व्हईल. त्याला ठेक्याची जाण आहे, शब्दांची नाही.
गिटारवर ‘एफ’ कॉर्ड अजून बसत नाही. ठराव : एफ नसलेली गाणी करायची.

१९ जानेवारी
वरच्या पट्टीत आवाज फाटतो. पट्टीच चुकीची आहे. अफजल म्हणाला, राजेंद्रभाई, कोई गानेवाली देख लेते. कडुबाने पुतणी आणली. मोनिका. एका दवाखान्यात नर्स आहे. तिला कोरस दिला. तिने तो असा म्हटला की बाहेर सोफा बघणारं गिऱ्हाईक सोफा सोडून आत आलं. तिला प्रेमाने समजावलं, कोरसने मागं राहायचं असतं. ‘व्हय सर,’ म्हणाली. पोरगी शिकेल.

२ फेब्रुवारी
मोठी बातमी! माझा चुलतभाऊ मोतीराम पाचोडला कार्यक्रमांचं बघतो. २ मार्चला आम्हाला अर्धा तास दिला. गुलमंडीत पोस्टर छापून घेतलं. ‘ढेकळं : अस्सल कंट्री!’ मधोमध मी. बाकीची तिघं कोपऱ्यात, पण स्पष्ट दिसतात.

५ फेब्रुवारी
मोतीरामचा फोन. सकाळपासून पंधरा जणांनी विचारलं म्हणे, कंट्री किती वाजता वाटणार. चिडला होता. बायामाणसं येणार हायेत, तू दारूचं काय काढलंस? त्याला समजावलं, कंट्री म्हणजे गाव. मग गाव लिही की, म्हणाला.
आता शब्दावर पांढरी पट्टी चिकटवलीय. ‘ढेकळं : अस्सल’, एवढंच उरलंय. जास्तच दमदार वाटतं.

९ फेब्रुवारी
परदेशी बँडचे तीन तास व्हिडिओ बघितले. त्यांच्यात आणि आमच्यात फरक एकच : उड्या. संगीतात आपण कमी नाही, एनर्जीत आहोत. ठराव : रोज सकाळी गच्चीवर पन्नास उड्या, गिटारसकट.

१० फेब्रुवारी
अकरा. खालच्या मजल्यावरून विचारायला आले, टाकी पडली का.

१४ फेब्रुवारी
डावा गुडघा सुजला. मोनिकाने दाबून बघितला. म्हणाली, सर, उड्या बंद. नर्स आहे, डॉक्टर नाही. चालू ठेवतो.

२३ फेब्रुवारी
शेवटची प्रॅक्टिस. माझा सरप्राइज प्लॅन जाहीर केला : शेवटच्या गाण्यात मी स्टेजवरून थेट पब्लिकमध्ये झेप घेणार. अफजल म्हणाला, भाई, पब्लिक हट जाएगी. म्हटलं, माझं गाव आहे, झेलतील. कडुबा बराच वेळ हलगी पुसत बसला.

३ मार्च, सकाळी
कालचा कार्यक्रम. सविस्तर लिहितो.
बाजाराच्या कडेला दोन ट्रॉल्या जोडून स्टेज. गर्दी चांगली. पहिलं गाणं मी म्हटलं. पब्लिक एकाग्र. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मोतीरामला विचारलं, टेस्टिंग कवा संपायचं?
दुसऱ्या गाण्याला उडी मारली. उडी उत्तम. उतरताना गुडघा अडकला. स्पीकरवर बसावं लागलं. माईक कलंडत होता म्हणून मोनिकाने धरला. धरलाच आहे म्हणून ती गायला लागली.
मग जे झालं ते झालं. मोनिका ट्रॉलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत गात होती, आणि दम लागत नव्हता. कडुबा गुडघ्यावर बसून हलगी वाजवायला लागला. अफजल स्टुलावर उभा. भाजीवाल्या बायका पाट्या तशाच टाकून पुढं आल्या. एकच गाणं तीनदा म्हणायला लावलं. अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. मी बसून वाजवत होतो, पण पूर्ण एनर्जीने.
शेवटी झेपेसाठी कडेला गेलो. समोरचे लोक दोन्ही बाजूंना सरकले. आदराने वाट करून दिली. मग शिडीनेच उतरलो.
मोतीरामने मिठी मारली. “राजू, लई भारी झालं! ती पोरगी कुठून आणलीस?” म्हटलं, शोध माझाच. यश शेवटी लीडरचं असतं.

५ मार्च
मोनिका गातेय त्या भागाचा व्हिडिओ नऊ वेळा बघितला. माझी गिटार ऐकू येत नाही. मोबाइलचा माईक खराब असणार. दुसऱ्या मोबाइलचा मागवला. त्यातही तेच.
अफजलकडे गेलो. आधी चहा मागवला. मग दोरा ओवत बसला. मग म्हणाला, “भाई, दूसरे गाने में कूदे ना तुम, तब वायर निकल गई थी.”
“मग सांगितलं का नाहीस?”
“गाना अच्छा चल रहा था.”
चहा घेतला नाही.

६ मार्च
शांतपणे विचार केला. राजीनामा दिला. ग्रुपवर चार परिच्छेद टाकले. ही चाल आहे. मी नसलो की कळेल त्यांना. आज-उद्या तिघं घरी येतील. सुलेखाला जास्तीचं दूध घ्यायला सांगितलं.

७ मार्च
तिघांनी वाचलंय. मोनिका : ‘गुडघ्याची काळजी घ्या सर.’ कडुबा : जोडलेले हात. अफजल दहा मिनिटं काहीतरी टाइप करत होता. आलं काहीच नाही.

८ मार्च
दूध नासलं. सुलेखाने पनीर केलं. पनीर चांगलं होतं.
जेवताना तिने विचारलं, तुम्हाला वाजवायला आवडतं का पुढं उभं राहायला? रागाने नाही विचारलं, म्हणून त्रास झाला. उत्तर उद्या लिहीन.

९ मार्च
गाडी धुतली.

१६ मार्च
तेव्हापासून कोणाचा फोन नाही. आज रविवार, त्यांची प्रॅक्टिस असणार. मला त्याचं काही नाही. ठराव : बासरी.

२३ मार्च, संध्याकाळी ७.३०
छावणीत काम होतं. काम नव्हतं. दुकानासमोरून गेलो तर दिसलो असतो, म्हणून मागच्या बोळात गेलो. फोम असूनही मागच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं. तिथल्या पायरीवर एक आजी मेथी निवडत बसल्या होत्या. सारजाबाई. भिंतीला भिंत लागून त्यांची खोली आहे.
आत मोनिका गात होती. कडुबाचा हात हलगीवर असा पडत होता की मलाच स्वस्थ उभं राहवेना. आजी म्हणाल्या, “तुमी बी ऐकाया आलात व्हय? बसा.”
बसलो.
“आता लई ग्वाड वाजवायलेत. आधी त्यांच्यात एक गिटारवाला व्हता. लई तरास. माझे हायेत तेवढे दात शिवशिवायचे. म्हैना झाला, ऐकू येईना. आजारी पडला का काय बिचारा.”
म्हटलं, “नाही. तब्येत बरी आहे त्याची.”
“असू दे, बरं हाय तर,” म्हणाल्या आणि अर्धी जुडी माझ्यापुढं सरकवली.
तीन गाणी झाली. मेथी निवडून झाली.