नमुन्याचे दोन किलो

करडी, तालुका मोहाडी
भाऊबीज होऊन दुसरा रविवार

आदरणीय मारोतरावजी यांस,

टेकचंदचा दोन्ही हात जोडून रामराम. हे दोन हात कोणते, ते आधी सांगतो, कारण पुढे सगळा मामला हातांचाच आहे. या हातांनी आजवर केलेल्या वस्तू: एक कुट्टी मशीन, जी अजून चालते, कूलरच्या जुन्या पंख्यावर धान वाळवायची पेटी, उंदराचा एक पिंजरा, ज्यात उंदीर एकदा सापडला आणि मांजर दोनदा, तुमच्या उर्वशीच्या लग्नातला मांडवाचा फिरता दिवा (फिरला बरोबर, थांबवायची सोय करायची राहून गेली होती), आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे तांदळातली कनकी, म्हणजे तुटका दाणा, वेगळी करणारी चाळणी. हिच्यात कपडे धुण्याच्या मशीनची मोटर आहे, दोन सायकलींच्या चेना आहेत आणि बंद पडलेल्या एका टॉकीजचा पत्रा आहे. कोण्या इंजिनियरचा हात तिला लागलेला नाही. माझी शाळा नववीपर्यंत, त्यापुढचं शिक्षण उघडून पाहून.

तुमचा गुडघा कसा आहे? मी करून दिलेला पाट वापरता ना? (त्याचा एक पाय बोटभर कमी आहे तो मुद्दाम ठेवलेला आहे, तुमच्याच गुडघ्याचं माप घेऊन. खाली कागदाची घडी घालू नये.) वहिनींची शुगर उतरली असेल, मंडईच्या जत्रेतली जिलेबी पाहून परत चढली नसेल, अशी आशा करतो. आसगावच्या मंडईत यंदा नाटक पहाटेपर्यंत चाललं, हे इकडे कळलं. कोण कोण पाहायला होतं, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

तुम्ही परवा फोनवर विचारलं, "जवाई, त्या मस्कतच्या तांदळाचं झालं तरी काय?" मी म्हटलं, पत्रानं कळवतो. फोनवर माणूस अंदाजे बोलतो आणि अंदाजे म्हणून मी जन्मात काही केलेलं नाही.

तर मस्कतला एक सुलेमानशेठ म्हणून तांदळाचे व्यापारी आहेत. त्यांना आपला बारीक, वासाचा चिन्नोर पाहिजे होता. नागपूरचा हेमराज, जो परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद करून देतो, त्यानं माझं नाव सांगितलं. शेठ हिंदी बोलतात, आणि आपल्या नागपूरकडच्या लोकांपेक्षा सौम्य बोलतात. त्यांनी दोन किलो नमुना मागवला. मी चाळणीखालून दोन किलो मोजून घेतले, पिशवी ओसरीवर ठेवली आणि पट्टा तुटला म्हणून घरालगतच्या आपल्या धानाच्या मिलमध्ये निघालो. तुमच्या बहिणीनं, निर्मलाबाईनं, विचारलं, "हे कुठी चाललं?" मी म्हटलं, "मस्कतले. शेठच्या घरी."

'घरी' हा शब्द मी वापरायला नको होता. 'गोदामात' म्हटलं असतं तर आज हे पत्र लिहायची पाळी आली नसती. तुमच्या घरची रीत तुम्हाला सांगायला नको. आसगावातून तांदूळ कोणाच्या घरी जायचा तर दाणा न् दाणा निवडून जातो. आमच्या लग्नात तुमच्या मातोश्रींनी जो तांदूळ पाठवला होता, त्यात आमच्या आईनं महिनाभर खडा शोधला आणि शेवटी न सापडल्याचा राग धरला. त्याच घरची लेक ती. मी गेल्यावर तिनं सूप घेतलं, उजेडाकडे तोंड करून बसली आणि तुटका दाणा, लाल रेघेचा दाणा, पोटात पांढरा ठिपका असलेला दाणा, सगळे वेचून बाहेर काढले. वजन कमी पडलं तेवढं कोठीतल्या तांदळातून निवडून परत भरलं, कारण नवऱ्यानं दोन किलो म्हटलं होतं. मला बोलली नाही. पाव्हणा यायच्या आधी अंगण झाडलं, हे बायका नवऱ्याला सांगत बसतात काय?

नमुना पोचला. शेठचा फोन आला की ऐसा चावल हमने आज तक देखा नहीं. मी समजलो, चाळणीची तारीफ चालली आहे. (दुसरं समजायला कारणही नव्हतं.) मी मिलच्या दारावर 'कनकीमुक्त तांदूळ' अशी पाटी रंगवली, तीही स्वतःच्या हातानं. करडीत ज्यानं विचारलं त्याला सांगितलं आणि ज्यानं विचारलं नाही त्याला थांबवून सांगितलं. हेमराजनं करार आणला. मी त्यातला शब्द न् शब्द दोनदा वाचला आणि तीन ठिकाणी चुका काढून त्याला घाम फोडला. त्यात एका जागी 'माल नमुन्याप्रमाणे' एवढंच होतं. सगळ्या करारात तेच दोन शब्द मला सर्वात गरीब वाटले.

भाव ठरला बहात्तर रुपये किलो. चोवीस टन माल गेला, समुद्रातून पोचला, आणि शेठचा फोन आला, "टेकचंदभाई, इसमें तो टुकडा है." मी म्हटलं, असणारच, शंभरात चार दाणे, याहून कमी कोणाची मिल देऊन दाखवत असेल तर तिचा पत्ता द्या. ते म्हणाले, पण नमुन्यात एकही नव्हता. मी म्हटलं, असं होऊच शकत नाही. त्यावर त्यांनी फोटो पाठवला. दोन बशा. डावीकडे नमुना, उजवीकडे माल. आता चाळणी मी केलेली आहे, तिच्या पोटात काय आहे ते मला माहीत आहे. डाव्या बशीतला तांदूळ तिच्यातून निघणं शक्य नव्हतं. मी मोबाइल हातात धरून उभा, एवढ्यात निर्मलाबाई चहा घेऊन आली, माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि फार समाधानानं म्हणाली, "हे त माह्या हातचं हाय. पर त्या दुसऱ्या बशीतलं काहून असं दिसून राह्यलं?"

मारोतरावजी, तिथं एक वाक्य पुरलं असतं. शेठ, माफ करा, नमुना घरवालीनं निवडला होता. तेही घरदार असलेले माणूस, हसले असते आणि म्हणाले असते, चला, मधला भाव काढू. पण ते वाक्य बोलायचं तर चाळणीबद्दल बोलावं लागत होतं, आणि दारावर पाटी लागलेली होती. मी म्हटलं, दाणे तुमच्या बंदरावर तुटले असतील. ते म्हणाले, भाई, पोत्यातला तांदूळ पाण्यावर तुटत नाही. हे मला त्यांच्याआधी माहीत होतं.

मग ते म्हणाले, त्रेसष्ट रुपये घ्या आणि मामला मिटवा.

आता इथं थोडा दोष तुमच्याकडे येतो, राग मानू नये. मोहाडीच्या बाजारात बैलजोडी घ्यायला आपण गेलो होतो तेव्हा तुम्हीच शिकवलं होतं, की पहिला भाव मान्य करणं म्हणजे समोरच्याचा अपमान. उठायचं, मागची धूळ झटकायची, चिंचेच्या झाडाकडे सावकाश चालायचं आणि मागं पाहायचं नाही. हाक येते. मी त्यानंतर किती सौद्यांतून उठलो असेन, पण चिंचेपर्यंत कधी पोचलो नाही, अर्ध्या वाटेतच हाक आली. म्हणून मी शेठला म्हटलं, "नहीं जमेगा," आणि फोन कापला. आणि सवय ती सवय, खरोखरच उठलो, मागची धूळ झटकली आणि मिलच्या फाटकाकडे सावकाश चालू लागलो. (आमच्याकडे चिंच नाही, कडुनिंब आहे.) कडुनिंबापर्यंत पोचलो. फोन वाजला नाही. झाडाला हात लावून उभा राहिलो. तरी वाजला नाही. आठवड्याभरानं वाजला तेव्हा हेमराज होता. म्हणाला, "काकाजी, तुमी नाही म्हटलं ना, त त्यायनं दुसरीकडचा माल घेतला. तुमचा माल बंदरावर पडून हाय न् जागेचं भाडं चढून राह्यलं." मी म्हटलं, अरे पण त्यांनी हाक कुठं मारली? तो म्हणाला, "तिकडं नाही म्हंजे नाहीच समजतेत."

माणसानं नाही म्हटलं तर त्याच्यावर विश्वास ठेवतात! असल्या लोकांशी धंदा करायचा कसा?

शेवटी हेमराजनं तिथल्याच दुसऱ्या एका व्यापाऱ्याला एकावन्न रुपयांनी माल दिला. त्रेसष्ट आणि एकावन्न यांच्यामधलं अंतर म्हणजे मिलपासून कडुनिंबापर्यंतची माझी चाल. गुणाकार तुम्ही करत बसू नका, मी केलेला आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मिलवर चार माणसं बसलेली असताना मी घरात ओरडलो, "तुले निवडाले कोनं सांगतलं होतं? माह्या धंद्यात हात कायले घातला?" तिच्या हातात सूपच होतं. ते तिनं खाली ठेवलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "पाव्हण्याच्या घरी कनकी धाडू काय? न् तुमच्या चाळनीनं कनकी निंगत असती त मी कायले डोळे फोडले असते?" ओसरीवर चिंधू हमाल बसला होता, तो हसला. (हे नोंदवून ठेवतो, कारण तो हसला नसता तर पुढचं वाक्य मी बोललो नसतो.) मी म्हटलं, "आजपासून या घरच्या तांदळाले हात लावू नको."

मी काटेकोर आहे असं तालुका म्हणतो. तालुक्यानं तुमची बहीण पाहिलेली नाही. त्या दिवसापासून तिनं भात रांधला, पण तांदूळ निवडला नाही. चाळणीतून जसा येईल तसा धुऊन सरळ पातेल्यात. भाजी तीच, वरण तेच, वाढणं तसंच, एक शब्द वाकडा नाही. फक्त दर दोन घासांनी माझ्या दाताखाली माझी चाळणी येऊ लागली. तिच्या दाताखालीही येत असेल. तिनं घास गिळला, म्हणून मीही गिळला. असे महिने गेले. मग भाऊबीज आली आणि ती तुम्हाला ओवाळायला आसगावला आली. नेहमी दोन दिवसांत परत येते. या वेळी पिशवी जरा मोठी होती, हे मी पाहिलं होतं. खुंटीवर सूप नाही, हे मात्र मला तिसऱ्या दिवशी दिसलं. भाऊबीजेला कोणी सूप घेऊन जातं काय, तुम्हीच सांगा.

असो. इकडे सगळं ठीक आहे. धानाची कापणी सुरू झाली, पीक बरं आहे. माझं जेवणखाण व्यवस्थित चालू आहे. तिला माहेरी राहावंसं वाटत असेल तितकं राहू द्यावं, घाई मुळीच नाही. मी बोलावणं पाठवणाऱ्यांतला माणूस नाही, हे तुम्ही जाणताच. वहिनींना नमस्कार, उर्वशीच्या लेकराच्या डोक्यावरून माझा हात फिरवावा.

आपला,
टेकचंद

ता. क. भात मीच रांधतो. काल खडा लागून डाव्या दाढेचा तुकडा गेला. खडा चाळणीच्या भोकापेक्षा लहान होता, त्यामुळे दोष चाळणीचा म्हणता येत नाही. (येतो. दारावरची पाटी मी उतरवली आहे. मागच्या बाजूनं चांगली आहे, कोंबड्यांच्या खुराड्याला लावली.)

आणखी ता. क. वर 'घाई मुळीच नाही' असं लिहिलं आहे, तो मोहाडीचा पहिला भाव समजावा. तुम्ही आपल्या रीतीचे माणूस आहात. मी धूळ झटकून उठलो आहे, चालत चालत पार झाडापर्यंत आलो आहे, आणि इथं फार वेळ उभं राहवत नाही. घ्यायला येऊ काय, एवढं तिला विचारा आणि एक हाक मारा. आसगावला येणारी पवनीची सकाळची गाडी मला माहीत आहे.

शेवटचं. हे तिला समोर बसवून वाचून दाखवा, माझ्यानं तोंडी झालं नाही. सगळा व्यवहार मिटल्यावर, गणपतीच्या दिवसांत, सुलेमानशेठनं मला स्वतः फोन केला होता. त्यांच्या आईनं तो नमुना रांधून खाल्ला होता आणि विचारलं होतं, हा निवडला कोणी. शेठ म्हणाले, मशीनवाला नको, तो हातवाला पाहिजे, दर महिन्याला, ज्या हातानं निवडला त्याच हाताला सांगा, सोबत गावातल्या बाया बसवा. मी म्हटलं, असला माल आमच्याकडे होत नाही, आणि फोन कापला. या वेळी त्यांनी हाक मारली, मारोतरावजी. एकदा नाही, तीनदा, अगदी मोहाडीच्या माणसासारखी. तीनही वेळा मी फोन हातात धरून वाजू दिला. आतून तिनं विचारलं, "कोनाचा होता?" मी म्हटलं, राँग नंबर. निर्मलाबाईच्या हाताला त्यांनी लावलेला आणि मी तिला न विचारता परत केलेला भाव असा होता: किलोला दोनशे चाळीस, महिन्याला पाचशे किलो. एक लाख वीस हजार रुपये, दर महिन्याला.