चारबोडीत लोट्याने पडलेला पाऊस रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. शाखा अभियंता साहेब,
तलाव शाखा, चारबोडी,
जि. गोंदिया.

अर्जदार : कु. रुची रामलाल रहांगडाले, बी.एस्सी. (भौतिकशास्त्र), रा. चारबोडी.

विषय : रविवारचा बत्तीस मिलिमीटर पाऊस नोंदीतून वगळून तलावाचे पाणी पाटाला सोडण्याबाबत.

संदर्भ : पाणीपाळी पुढे ढकलल्याची आपल्या फलकावरील सोमवारची सूचना.

महोदय,

वरील सूचनेत “चारबोडी येथे दमदार पाऊस झाल्याने तूर्त पाट सुरू करण्याची आवश्यकता नाही” असे म्हटले आहे. सूचना वाचून मला आनंद झाला, परंतु घरी येऊन पाहते तो रविवारपासून अंगणात सुकत घातलेली मिरची कोरडीच होती. शेजारच्या गावातही रविवारी शून्य पाऊस नोंदला आहे. म्हणून मी चौकशी केली. तिचा निष्कर्ष अडचणीचा आहे, कारण तो आमच्याच घरात निघाला.

१. पाऊस थांबल्यामुळे रविवारी आमच्या टोल्यातील (वस्तीतील) बायांनी प्रथेप्रमाणे धोंडी काढली. मुसळाला कडुनिंबाचा पाला गुंडाळून त्यात बेडूक बांधतात, दोघी जणी ते खांद्यावर घेतात आणि घरोघरी त्यावर पाणी ओतून पाऊस मागतात. (बेडूक सुखरूप सोडला असून सध्या आमच्या परसात, एकमेव ओल्या जागी, म्हणजे रांजणाखाली राहतो.)

२. धोंडी ग्रामपंचायतीच्या आवारातून जात असताना माझी काकी धुरपताबाई आपल्या कार्यालयाच्या पर्जन्यमापकापाशी थांबली. तिने पुढीलप्रमाणे उद्गार काढल्याचे चार साक्षीदार सांगतात : “सारा दिवस आभाय पाऊन राहिलं बिचारं. दुनियेचा पाऊस मोजते, अन् त्याच्याच तोंडात थेंब नाही. घे बापा, तूबी पी.” आणि तिने हातातला लोटा त्याच्या नरसाळ्यात रिता केला.

३. लोट्यात एक लिटर पाणी मावते. नरसाळ्याचा व्यास वीस सेंटिमीटर आहे. एवढ्या तोंडात एक लिटर पाणी म्हणजे बत्तीस मिलिमीटर पाऊस. यंत्र अत्यंत अचूक आहे, त्याबद्दल आपल्या कार्यालयाचे अभिनंदन.

४. आता मूळ दुःख. काकी दरवर्षी परसात वांग्यांची रोपे तयार करते आणि अख्ख्या टोल्याला वाटते. मोबदला घेत नाही. फक्त कोणाची वांगी नीट लागली नाहीत तर त्या घराला वर्षभर टोमणे मारते. यंदा वाफे भरून रोपे उगवली आणि उघाड पडली. नळाचे पाणी पिण्यापुरते येते, हातपंप गाळ ओकतो. काकी भांडी धुतलेले पाणी घालून रोपे जगवते आहे, पण दुपारी ती माना टाकतात आणि आता काही संध्याकाळीही उचलत नाहीत. पाट आमच्या कुंपणालगत आहे. त्याला एकदा पाणी आले तर रोपे वाचतील. नाही आले तर हिवाळ्यात टोल्यात कोणाच्याच घरी वांगे नसेल, आणि टोमणे मारायलाही काकीला कारण उरणार नाही. ती बाब मला अधिक काळजीची वाटते.

५. काकीला मी गणित समजावून सांगितले व नोंद खोडण्यासाठी अर्जावर सही मागितली. तिने नकार दिला. तिचे म्हणणे जसेच्या तसे : “धोंडी मांगतली अन् पाणी आलं. तुह्या सायबाच्या पाटीवर लिवून आहे. आता कायले खोडतेस?” या युक्तिवादातील चूक मला दाखवता येते, पण तिला पटवता येत नाही.

६. ही बाब मी आपणास कळवलीही नसती, परंतु फलक वाचून बायांचा हुरूप वाढला आहे. एका लोट्यात एवढा पाऊस, तर घागरीत किती, असा विचार करून उद्या शुक्रवारी पुन्हा धोंडी काढायची आणि यंत्रात अख्खी घागर ओतायची असे ठरले आहे. घागर बारा लिटरची आहे. त्याचे पावणेचारशे मिलिमीटरहून अधिक होतात. नियमानुसार आपणास पूर जाहीर करावा लागेल, आम्हाला सामानासह शाळेत हलवावे लागेल, आणि रोपे पुराच्या नोंदीखाली पाण्यावाचून मरतील.

तरी नम्र विनंती की, रविवारची नोंद वगळावी. नोंद खोडण्याची नियमात सोय नसल्यास ती राहू द्यावी, काकीचीही हरकत मिटेल. पण मग निदान उद्या घागर उचलण्याआधी तलावाचे तुडूम (पाणी सोडायचे दार) उघडून पाट सुरू करावा. त्याबाबत काकीने तोंडी हमी दिली आहे : “पाटाले पाणी आलं, त मी यंत्राले कायले पाजू? माह्या रोपायलेच पाजीन.”

पाटाच्या वळणाकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र अर्जदार,

(सही)
रुची रामलाल रहांगडाले
चारबोडी, दि. ७ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) लोट्याचे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून.
२) वरील गणित, आकृतीसह.
३) वांग्याचे सुकलेले रोप, एक. (जिवंत रोप द्यायला काकी तयार नाही. साहेबांनी येऊन पाहावे, म्हणते.)