बाह्यांची पिशवी

आई, गेल्या आठवड्यात तुझ्या महिला मंडळातून फोन आला होता. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मुलुंडची आपली बिल्डिंग पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तरी मंडळ आहे आणि मंडळाला अजून तू हवी आहेस. तळमजल्यावरच्या काकू आता अठराव्या मजल्यावर राहतात. आवाज मात्र तोच, गॅलरीतून खाली हाक मारल्यासारखा. म्हणाल्या, "अगं, आम्ही स्मरणिका काढतोय. तुझ्या आईच्या घरगुती टिप्सचं एक पान पाहिजे. तू लिहितेस ना पुस्तकंबिस्तकं, मग दे लिहून. आणि जरा गोड लिही बाई, तुझं ते रडकं नको." मी हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण एकच आहे. माझा तुझ्यावर राग आहे. तू असताना होता, तू गेल्यावर कमी होईल असं वाटलं होतं, पण तो कमी झाला नाही. मला तुझ्या तोंडून एक शब्द ऐकायचा होता. 'चुकलं' एवढाच. तो न ऐकवता तू गेलीस.

तरीही लिहायला बसले, आणि गंमत म्हणजे हात थांबेना. साखरेच्या डब्यात लवंगा टाकल्या की मुंग्या येत नाहीत. तांदळात कडुलिंबाचा वाळवलेला पाला. एकसारख्या दिसणाऱ्या किल्ल्यांना वेगवेगळ्या रंगाच्या नेलपॉलिशचे ठिपके. साबणाचे उरलेले तुकडे जुन्या मोज्यात भरून मोरीच्या नळाला टांगायचे. लग्नपत्रिका आल्या की जेवणाचा बेत काय असेल यापेक्षा पुठ्ठा कसा आहे हे तू आधी बघायचीस, कारण त्यातून दाराची तोरणं व्हायची. काडेपेट्यांचे खण एकमेकांना चिकटवून बटणांसाठी कप्पे. आणि दुधाच्या पिशव्या. धुतलेल्या, उलट्या करून दोरीवर वाळत घातलेल्या, मग पट्ट्या कापून विणलेल्या चटया. आपल्या मजल्यावर एक घर असं नव्हतं जिथे तुझ्या हातची चटई नव्हती. बाबा म्हणायचे, "मी मेलो की मलापण धुऊन वाळत घालशील आणि काहीतरी विणशील." तू हसायची नाहीस. म्हणायचीस, "तुमचं काय होणार? फार तर पायपुसणं."

हे सगळं मी लिहीत गेले आणि सांडशीपाशी येऊन थांबले.

तुला आठवते का ती सांडशी? मधला खिळा सैल झाला होता, तर तू त्याच्याभोवती सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी गच्च गुंडाळलीस आणि मंडळातल्या बायकांना दाखवलीस. "बघा, नवी घ्यायची गरज नाही." शनिवारची दुपार आहे. बाहेरच्या खोलीत बायका गोल करून बसल्यात, मध्ये दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्यांचा ढीग. मी दहा वर्षांची, आणि तू आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणतेस, "चहाला उकळी आली का गं? उतरव जरा." मी सांडशी लावते, पातेलं उचलते, आणि रबर तापून मऊ झालेलं असतं की काय कोण जाणे, सांडशीचे दोन्ही दांडे एकमेकांवरून सरकतात. कोपरापासून मनगटापर्यंत डावा हात. मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही. दारात सगळ्या बायका एकदम गोळा झालेल्या आठवतात आणि त्यांच्यातून वाट काढत आलेली तू, हातात टूथपेस्टची ट्यूब घेऊन.

तळमजल्यावरच्या काकू तेव्हाही होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, डॉक्टरांना दाखवा. फार भाजलंय." तू म्हणालीस, "काही नाही हो. टूथपेस्ट लावली की फोडसुद्धा येत नाही, लिहून घ्या." आणि माझ्या हातावर ती पांढरी पेस्ट जाड थराने सारवलीस. मग सगळ्यांसमोर मला विचारलंस, "थंड वाटतंय ना?" मी हो म्हटलं. आई, एवढ्या बायका बघत असताना दहा वर्षांची मुलगी दुसरं काय म्हणणार होती? तुला माझं ते 'हो' हवं होतं, मी दिलं, आणि तू बाहेर जाऊन चटई शिकवायला बसलीस. मी आत ओट्याला टेकून उभी होते आणि मला तुझा आवाज ऐकू येत होता. एक पट्टी वरून, एक खालून.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला सांगायचं आहे. पेस्ट वाळून तडकली, तर तू तिच्यावर हळद दाबलीस. ताप आला, तर कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या. शेवटी बाबांनी तुला न विचारता मला उचललं आणि नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. तू मागून पदर सावरत आलीस. डॉक्टरांनी ती वाळलेली पेस्ट आणि हळद ओली करून खरवडून काढली, आणि ते दुखणं चहा सांडण्यापेक्षा मोठं होतं. डॉक्टर माझ्याकडे न बघता तुला म्हणाले, "ताई, दात घासायचं ते दातांना लावा." तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलीस. परतताना तू मला उसाचा रस पाजलास. बर्फ न घालता. त्या रसात तुझं काही म्हणणं होतं असं मोठेपणी मला वाटायला लागलं, पण रस म्हणजे शब्द नव्हे. घरात नवी सांडशी आली. जुनी तू फेकली नाहीस, तुळशीच्या कुंडीत खोचून तुळशीला टेकू दिलास. रोज सकाळी दात घासत मी गॅलरीत उभी राहायचे आणि ती मला दिसायची.

हात बरा झाला पण कातडी आवळली, गुळगुळीत आणि चकचकीत राहिली. आणि तू शिवायला घेतलंस. माझे सगळे फ्रॉक लांब बाह्यांचे झाले. खांद्याशी चुण्या, मनगटाशी पट्टी, पट्टीला त्याच कापडाने मढवलेली बटणं. तुझ्या साड्यांचे इतके सुंदर फ्रॉक आपल्या बिल्डिंगमध्ये कोणाचे नव्हते. मैत्रिणींच्या आया कागदावर बेतून न्यायच्या. शाळेच्या गणवेशालाही तू लांब बाह्या लावल्यास, आणि बाईंनी विचारलं तर काय सांगायचं ते मला पढवलंस, "उन्हाची ॲलर्जी आहे." मी ते सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. मे महिन्यात, खाली आवारात आट्यापाट्या खेळताना, घाम मनगटाच्या पट्टीत साठायचा आणि त्या चकचकीत कातडीच्या कडेने घामोळं उठायचं. तू पावडर लावायचीस आणि पुन्हा बटण लावायचीस. तुला वाटत असेल तू मला झाकतेस. मला कळत होतं की तू स्वतःला झाकतेस, आणि कापड माझ्या अंगावर आहे.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी एक दिवस तुझी कापडाची कात्री घेतली. तीच, जिने कागद कापला तर तू दिवसभर बोलायची नाहीस. मोरपिशी ड्रेसच्या दोन्ही बाह्या खांद्यापासून कापल्या आणि तो घालून तुझ्यासमोर येऊन उभी राहिले. माझी तयारी होती. तू काहीही म्हणालीस तरी मी बोलणार होते, टूथपेस्ट, ॲलर्जी, सगळं. तू माझ्या हाताकडे बघितलंस, मग खांद्याकडे. म्हणालीस, "वाकडं कापलंस." आणि भाजी चिरायला लागलीस.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर गॅलरीतल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी टांगलेली होती. मोरपिशी. माझ्या दोन बाह्या उलगडून, एकीच्या आत दुसरीचं अस्तर लावून, तोंडाला लहान मुलांच्या कपड्यांचा हँगर शिवलेला. पुढे मनगटाची ती मढवलेली बटणं, शोभेला. आई, मी रागाने काहीतरी फाडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तू माझ्या रागाचीसुद्धा पिशवी शिवलीस, आणि शेजारच्या काकूंना दाखवलीस, "बघा, कापड कधी वाया जात नाही." त्या क्षणी मला वाटलं, या बाईशी भांडताच येणार नाही.

तुझ्या शेवटच्या दिवसांत मी रोज बोरिवलीहून यायचे. एका संध्याकाळी तू माझा डावा हात हातात घेतलास आणि अंगठा त्या कातडीवरून फिरवलास, कोपरापासून मनगटापर्यंत, नेमका कडेकडेने. मला वाटलं, आता म्हणशील. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "दुधाच्या पिशव्या धुऊन टाकल्यास का गं?" मी म्हटलं, "टाकल्या." त्यानंतर तुझं बोलणं समजेनासं झालं.

तर मी ते पान अर्धवट ठेवून काकूंना फोन केला. सरळ सांगणार होते की मला जमणार नाही. पण त्याच बोलायला लागल्या. "भाजण्याची टीप आधी घे हं. ती तर आम्हाला पाठ आहे." मला हसू आलं, चांगलं नाही, वाईट. म्हटलं, "कुठली? टूथपेस्टची?"

"छे गं. टूथपेस्टचं नाव काढलं तर ती अंगावर यायची. दुसऱ्या मजल्यावरची नवी सून एकदा म्हणाली, आम्ही लावतो, तर तिला सगळ्यांसमोर असं झापलंन, की ती बिचारी पुढच्या शनिवारी आलीच नाही. दर वर्षीची पहिली सभा माझ्याकडे खाली असायची, तिथे तुझी आई उभी राहून सांगायची. भाजलं की हात नळाखाली धरा, बराच वेळ धरा, वर काहीही लावू नका, स्वच्छ फडकं सैल टाका आणि डॉक्टरकडे जा. मग म्हणायची, माझ्या पोरीचा हात मी बिघडवला. चूक माझी. तुम्ही करू नका."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? आहेस ना? अगं, तुला तर बोललीच असेल किती वेळा."

"हो," मी म्हटलं. पुन्हा तेच 'हो'. तुझ्यासाठी अजून किती वेळा म्हणायचं आहे कोण जाणे.

म्हणजे तू बोललीस. दर वर्षी बोललीस. उभी राहून, मोठ्याने, पंधरा-वीस बायकांसमोर. ज्यांचा हात भाजला नव्हता त्या सगळ्यांना तू चूक सांगितलीस, आणि मी वर घरात अभ्यास करत बसलेली असेन, लांब बाह्यांचा फ्रॉक घालून, आणि मला मात्र ॲलर्जी. काकूंना वाटलं मला ऐकून बरं वाटेल. मला इतका राग आला की मी घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसती फिरत राहिले. तू गप्प होतीस तोवर मी तुला एक सवलत दिली होती. मला वाटायचं, तुला तो शब्द येतच नाही, तुझ्या पिढीतल्या कित्येकींना येत नाही, सोडून द्यावं. आता कळलं की येत होता. तुला घरात नाही सांगता आला, चटईवर सांगता आला. चुकीचीसुद्धा तू टीप केलीस, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशी. आई, मला उपयोग नको होता. मी तुझ्या घरातली एकच वस्तू होते जिचं काही करायचं नव्हतं, फक्त जवळ बसून सांगायचं होतं.

ते पान मी पूर्ण करून पाठवलं. भाजण्याची टीप पहिली लिहिली, तुझ्या शब्दांत, अगदी "वर काहीही लावू नका" याखाली रेघ मारून. माझ्या हाताबद्दल लिहिलं नाही. ते तू माझ्याशी बोलायला हवं होतंस, स्मरणिकेशी नाही. काकूंचा मेसेज आला, "झकास. रडकं नाही."

आणि मग हे लिहायला बसले, लेकीच्या जुन्या प्रिंटआउटच्या पाठकोऱ्या बाजूंवर. हे कुठे पाठवायचं नाही हे मला माहीत आहे. तुझ्या फोटोसमोर वाचायचंही नाही, तसलं मला जमत नाही. हे मी माझ्याजवळ ठेवणार आहे आणि राग पण ठेवणार आहे, त्याचं काहीही न बनवता. तो असाच राहू दे, बिनउपयोगाचा.

फक्त एक सांगते. आज सकाळी कपडे वाळत घालताना ती मोरपिशी पिशवी तळाशी उसवली आणि चिमटे धडाधड खाली पहिल्या मजल्याच्या पत्र्यावर पडले. हो, ती अजून माझ्याकडे आहे. मुलुंडचं घर रिकामं करताना मी तेवढीच मागून घेतली होती. लेक आतून म्हणाली, "मम्मा, टाकून दे ना ती आता. ऑनलाइन मस्त मिळतात, उद्या येईल." मी म्हटलं, "मागव." ती क्लासला गेली आणि मी सुई-दोरा काढला. चाळिशी लागल्यापासून सुईचं भोक दिसत नाही. तीन-चारदा दोरा चुकला. मग मोरीत गेले, दोऱ्याचं टोक साबणावर ओढलं, चिमटीत पिळलं, आणि तो पहिल्या खेपेला गेला. ही टीप मी स्मरणिकेला दिलेली नाही.