अक्काची गाणी आणि रिकामे फोल्डर

४ ऑगस्ट, सोम.
अक्काच्या गळ्याची शस्त्रक्रिया शुक्रवारी. नंतर गाता येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. इकडे तमिळ मुलखात आमच्या मराठी घरांतली लग्नाची गाणी तिच्याखेरीज आता कोणाला येत नाहीत. म्हणून रोज सकाळी ध्वनिमुद्रण. फाइली माडीवर, तिची मुलगी गिरिजा हिच्या खोलीतल्या सामायिक डिस्कवर. माझा संगणक सुरू होताच ते फोल्डर आपोआप जोडले जाईल, अशी व्यवस्था गिरिजाने केली. पासवर्डाची कटकट गेली. सुबक काम.

६ ऑग., बुध.
आज तीन गाणी झाली. मधेच अक्काला कॉफी हवी : "थांब रे, कापी दे आधी. गळा माझा आहे, यंत्राचा नाही."

८ ऑग., शुक्र.
रुग्णालयात निघण्यापूर्वी फोल्डर उघडले. बुधवारची तिन्ही गाणी नाहीत.
शस्त्रक्रिया पार पडली. पुढे सांगेपर्यंत अक्काने बोलायचे नाही. गाण्यांचे तिला कळवलेले नाही.

९ ऑग.
गिरिजाला सांगितले. "फोल्डरात नाहीत, अर्थात पुसली गेली."
"अय्यो मामा, जन्मभर तर्कशास्त्र शिकवलंत ना? दिसत नाही म्हणजे नाहीच, हे कुठलं?"
आक्षेप मान्य.
तिची मांडणी : मी रात्री घरातले सगळे स्विच बंद करतो, राउटरचाही. सकाळी सगळे एकदम चालू. बुधवारी संगणक आधी तयार झाला, नेटवर्क मागून आले. जोडणी झालीच नाही. त्याच नावाचे, याच संगणकातले रिकामे फोल्डर तेवढे समोर होते. गाणी त्यात गेली. पुढच्या वेळी जोडणी झाली आणि माडीवरचे फोल्डर त्याच्यावर आले. खालचे झाकले गेले.
तिने जोडणी काढली. तिन्ही गाणी तिथेच. अनुमानात एकही पायरी निसटती नव्हती. गाणे लावून आईचा आवाज आला तेव्हा मात्र ती खिडकीकडे वळली.

१० ऑग.
जोडणी आता नेटवर्क आल्यावरच. शिवाय जोडणी नसेल तर त्या रिकाम्या फोल्डरात काही ठेवताच येत नाही. यंत्र सरळ नकार देते. मुकाट्याने भलत्या जागी ठेवण्यापेक्षा हा नकार किती प्रामाणिक.
"आता तरी राउटर रात्री चालू ठेवा, मामा."
विचार करतो म्हटले.

१४ ऑग., गुरु.
अक्का घरी. गाणी ऐकवली. दुसऱ्यात तिने हात वर केला : एक ओळ राहिली आहे. देवनागरी तिला येत नाही. तमिळ लिपीत ओळ लिहून दिली. मी वाचली. शब्द स्वच्छ मराठी.
"आणि चाल?"
तिने ओठ उघडले. "आई, गप!" गिरिजा ओरडली.
अक्काने मांडीवर ताल धरला. ताल मी टिपला. सूर अजून तिच्यापाशीच.