विभूतीच्या डबीतली पूड

शिवकांता,

दवाखान्यातून आलीस की आधी हे वाच. लोणचं टिकावं म्हणून टाकायची बेंझोएटची पूड मी काचेच्या बरणीत भरून वरच्या फळीवर ठेवलीय. मिठाजवळ आणू नको, देवाजवळ तर न्हाईच. दहा किलो लोणच्याला अडीच ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर तोलून घे; माझ्यासारखं चिमटीनं टाकायचं न्हाई. कोमट पाण्यात विरघळव. पूड उडती, नाकाला पदर बांध. लातूर जिल्हा झाल्यापासून तपासायला येणारा साहेब हेच सांगत होता, मीच त्याला "लोणचं तू घालतोस का मी?" म्हणून गप बसवलं.

डोळ्यात गेली तर आधी धू, दुष्काळ बघू नको. नंदाच्या डोळ्यावर मी दोन्ही घागरी रित्या केल्या. टँकर आला की भरून घे.

आता ऐक. पुडा फाटला तवा ती पूड रिकाम्या विभूतीच्या डबीत मीच भरली होती. सकाळी इसरून तीच नंदाच्या कपाळाला लावली, ती लेकराच्या डोळ्यात उतरली. माझा मडिवाळप्पा ओरडला, तवा "तुझ्या बायकोनं भरली" म्हणले. तू नंदाला पोटाशी धरून नुसती माझ्याकडं बघितलीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

मी मुखेडला बहिणीकडं चालले. हे मडिवाळप्पाला वाचून दाखव, माझ्या तोंडून निघंना. सांगायला दवाखान्याच्या फाटकापर्यंत आले होते. नंदा बापाच्या खांद्यावर हसत होती, तू बी हसत होतीस. तशीच माघारी फिरले.

नागम्मा