चूक क्रमांक एक्केचाळीस

४ तारीख, सकाळी
ही बहिणीकडे गेली. हवापालट. दोन मोठ्या बॅगा नेल्या. बायकांना पॅकिंग जमत नाही.
कारण क्षुल्लक. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दरवर्षी घोडदळाचा तो जुना हॉलिवूड सिनेमा बघतो. लग्न ठरल्यावर पाहिलेला पहिला. मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळे त्यातल्या चुकांची वही ठेवली आहे. काल कॅप्टन बायकोचा निरोप घेत होता. मी पॉज करून सांगितलं, ही रायफल सतरा वर्षांनंतरची आहे. चूक क्रमांक ४१. ही उठली ती बॅग भरायलाच. पुढच्या रविवारपर्यंत येईल.

७ तारीख
मुलीचा फोन. आई कायमची गेलीय म्हणे, माफी मागा म्हणे. पोरीला राईचा पर्वत करायची सवय.

८ तारीख
माफी मागायला फोन केला. बोलण्याच्या ओघात कॅप्टनच्या टोपीचा विषय निघाला. मीच काढला. फोन कट झाला. नेटवर्क.

११ तारीख, रविवार
आली नाही. सवयीने चहा दोन कप झाला. दोन्ही प्यायलो. ॲसिडिटी.
संकल्प: यापुढे सिनेमाभर अवाक्षर काढणार नाही. सराव म्हणून आज एकट्यानेच बघणार.

संध्याकाळी
वही कपाटात ठेवून सलग पाहिला. निरोपाच्या वेळी कॅप्टनची बायको त्याच्या कोटाचं बटण लावत असते. बटण लागत नाही, ती पुन्हा पुन्हा लावते. तो मुकाट्याने थोडा वाकून उभा राहतो. तेहतीस वर्षांत हे मी पाहिलंच नव्हतं. रायफलकडे बघत होतो. इतिहास सगळा चुकलाय आणि मी ढसाढसा रडलो. फार सुंदर सिनेमा आहे.
आता हे कळल्यावर ती नक्की येणार. पडदे धुवायला टाकले.

१२ तारीख
तिला बटणाचं सांगितलं. ती म्हणाली, परवा तिने आणि ताईने पाहिला. पहिल्यांदाच सलग. छान वाटलं. कधी येतेस विचारलं. म्हणाली, इथे बरं वाटतंय, उरलेले कपडे न्यायला मुलगी येईल. आवाजात राग नव्हता. थोडा असता तर मी काहीतरी केलं असतं.

१८ तारीख, रविवार
मुलगी कपडे घेऊन गेली. नंतर सिनेमा लावला. बटणापाशी हाताने आपोआप पॉज दाबलं आणि मी शेजारी वळलो. चूक काढायची नव्हती. नुसतं ‘बघ’ म्हणायचं होतं.