कागदाच्या जाडीइतकी वाढलेली काडतुसं

बाबा, चँडलर गावातलं ते घर विकून कितीतरी वर्षं झाली, तरी तिथल्या गॅरेजमध्ये तुम्ही पहिल्यांदा आलात तो क्षण मला अजून दिसतो. आई गेल्यानंतरचा नोव्हेंबर. तुम्ही एप्रिलपर्यंत राहायचं ठरवून आला होतात. विमानाचा शीण उतरायच्या आतच मी तुम्हाला माझं टेबल दाखवायला नेलं: काडतुसं भरायचं प्रेस, पावडरचे डबे, छोटा तराजू. तुम्ही दारातच थांबलात. चपला काढल्यात, खिशातली नाणी, किल्ल्या, पेन बाहेरच्या फळीवर ठेवलंत, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून नळाच्या लोखंडी पाइपला एकदा हात लावलात आणि मग आत आलात. दारूगोळ्याच्या कारखान्यात, भरणी विभागात एकतीस वर्षं काढलेला माणूस मुलीच्या गॅरेजमध्येही तसाच शिरतो, याचं मला हसू आलं. तुम्ही मात्र हसला नाहीत. "हे तू घरात ठेवतेस?" एवढंच विचारलंत.

मी उत्साहाने सगळं समजावलं. आमच्या कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीतल्या एका म्हाताऱ्या टेक्निशियनने मला रायफल चालवायला शिकवली होती. दर शनिवारी आम्ही वाळवंटातल्या रेंजवर जाऊन कागदाच्या निशाण्यांवर नेम धरायचो. विकतची काडतुसं, रेंजच्या भाषेत राउंड्स, एकासारखी एक नसतात, म्हणून ती आपली आपण भरायची. उडवलेली पितळी पुंगळी साफ करायची, बुडाशी ठिणगी पाडणारा नवा प्रायमर, आत मोजून पावडर, वर गोळी. माझ्या रायफलला मानवणारी पावडर लांबट दाण्यांची होती, आणि पुस्तकात दिलेलं माप पुंगळीत मावता मावत नसे. गळ्यापर्यंत भरायची आणि गोळीनेच दाबून बसवायची. प्रेसचा दांडा खाली ओढला की आत दाणे कचकचत, चुरमुऱ्यांवर पाय पडावा तसे. तो आवाज ऐकून तुम्ही खुर्चीवरून उठलात.

"हे काय करतेस?"

"कंप्रेस्ड लोड आहे बाबा. मॅन्युअलमध्ये अलाउड आहे."

"मॅन्युअलवाला इथे उभा आहे का? आमच्याकडे असा आवाज आला असता तर आधी मशीन बंद केलं असतं, मग विचारलं असतं."

"तुमची फॅक्टरी वेगळी, बाबा. मी एकेक राउंड मेजर करते."

त्या दिवसापासून सकाळच्या चहाबरोबर तोच विषय. एकटी राहतेस, घरात हे कशाला. दुसरा छंद नाही का सापडला? तुम्ही आवाज चढवत नव्हतात, आणि त्याचाच मला जास्त संशय यायचा. तुम्हाला माझा स्वभाव माहीत होता. ही पोरगी ताटातल्या मिठाकडेसुद्धा संशयाने बघते, असं तुम्हीच आईला म्हणायचात. पुढे कामही तसंच मिळालं. यंत्राचा आकडा जरा हलला की माझा पहिला प्रश्न असायचा, कुणी हात लावला? आणि बहुतेक वेळा कुणीतरी लावलेला असायचाच. त्यामुळे हा स्वभाव म्हणजे आपली हुशारी आहे, असं मी धरून चालले होते.

जानेवारीत रेंजवर स्पर्धा होती. तिच्यासाठी मी पन्नास काडतुसं भरली, कॅलिपरने प्रत्येकाची लांबी मोजली, वहीत लिहिली आणि डबा टेबलाच्या खणात ठेवला. तीन दिवसांनी सहज परत मोजली तर बरीचशी लांब झालेली. फार नाही, एखाद्या कागदाच्या जाडीइतकी, कुठे दोन कागदांइतकी. कॅलिपर तपासला, तो ठीक होता. गोळ्या वर सरकल्या होत्या. घरात माणसं दोन, त्यातलं एक दिवसभर ऑफिसात. मी मनात सगळं जुळवून टाकलं: तुम्ही गोळ्या उपसल्यात, पावडर कमी केलीत आणि परत बसवताना मापात चुकलात. दुसऱ्या दिवशी मी डब्याच्या झाकणावर माझ्याच डोक्याचा एक केस चिकटवून कामाला गेले. संध्याकाळी केस जागच्या जागी होता, आणि काडतुसं आणखी थोडी वाढलेली. कुणाही शहाण्या माणसाला एवढ्यावरून कळलं असतं. मला कळलं ते असं, की एकतीस वर्षं बारीक काम केलेल्या हातांना एक केस काढून परत लावणं काय कठीण.

स्पर्धेच्या शनिवारची सकाळ. तुम्ही पोह्यांना फोडणी देताय. माझा स्वेटर अंगात घातलाय तुम्ही, कारण तुमचा धुवायला टाकलाय. मी दारात उभी राहून विचारते, "बाबा, खरं सांगा. माझ्या राउंड्सना टच केलंत?"

"नाही."

"मग ती वाढली कशी? आपोआप?"

"मी हात लावलेला नाही."

"बाबा, घरात तुमच्याशिवाय कोण असतं?"

तुम्ही गॅस बंद करता. पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढता: रुमाल, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, बडीशेपेची पुडी. ते ओट्यावर ठेवता आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभे राहता. रागावून नाही. मला वाटतं, तुम्ही काय करताय हे तुमच्याही नंतर लक्षात आलं. कारखान्याच्या गेटवर रोज सुटताना झडती व्हायची. इतरांची दोन थापांत उरकायची. तुमचं आडनाव ऐकलं की गार्ड खिशाच्या शिवणीसुद्धा चाचपायचा, असं तुम्ही आम्हाला एकदा, एकदाच सांगितलं होतं. त्याच नोकरीवर दादा आणि मी शिकलो. मला तेव्हा तुमचे हात धरून खाली करता आले असते. मी त्या स्पर्धेला न जाता खोलीत जाऊन बसले. पोहे कुणी खाल्ले ते आठवत नाही. दुपारी तुम्ही म्हणालात, "माझं तिकीट अलीकडचं करून दे." पुढच्या शुक्रवारचं मिळालं.

सोमवारी मी त्या म्हाताऱ्या टेक्निशियनला सांगितलं की माझे वडील माझ्या काडतुसांशी खेळतायत. मी केस चिकटवल्याची गोष्ट ऐकून तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "तुझ्या घरात चोर नाही," तो म्हणाला. "पावडर फार दाबलीस, आणि पुंगळीचा गळा गोळीला नीट धरत नाहीये. आतली पावडर गोळीला हळूहळू वर ढकलते. तुझ्या बापाची माफी माग, आणि माप कमी कर."

माप मी त्याच संध्याकाळी कमी केलं. पन्नासच्या पन्नास काडतुसं सोडवली, पावडर डब्यात परत ओतली. तुम्ही गॅरेजच्या दारात उभे राहून बघत होतात, आत आला नाहीत. मंगळवारी तुमची बॅग भरायला मदत केली. बुधवारी दादाच्या मुलांसाठी चॉकलेटं आणली. गुरुवारी तुम्ही वरण-भात केलात आणि आपण टीव्हीवर हवामान बघत जेवलो. शुक्रवारी फीनिक्सच्या विमानतळावर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. चार दिवस होते बाबा माझ्याकडे, आणि सांगायचं एकच वाक्य होतं. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त म्हणजे मला हरायचं नव्हतं. पुढच्या वर्षी फोनवर सांगू म्हटलं. पुढचं वर्ष संपायच्या आत तुम्ही गेलात.

अलीकडे नवाच संशय डोकं खातो. भरणी विभागात उभा जन्म गेलेल्या माणसाला दाबलेली पावडर काय करते ते माहीत नव्हतं? तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. मग बोलला का नाहीत? कारण न देता म्हटलेल्या "नाही"वर निदान पोटची मुलगी विश्वास ठेवते का, ते बघायचं होतं? की तुमच्याकडे मशीनच गोळी पक्की आवळायचं आणि तुम्ही कधी हे पाहिलंच नव्हतं? दोन्ही शक्य आहे. तुम्हाला माहीत होतं असं धरलं की दोष थोडा तुमच्याकडे सरकतो, हेही मला दिसतं. मेल्यावरसुद्धा तुमची झडती मी थांबवलेली नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असं म्हणणं सोपं आहे. दादाकडे पाठवता आलं असतं. बाबा लवकर का परतले, असं त्याने तेव्हा फोनवर विचारलं होतं. मी म्हटलं, त्यांना इथलं ऊन सोसलं नाही. जानेवारी होता. दादा म्हणाला, हो का, बरं झालं पाठवलंस.